मुरगाव बंदरात जहाज तपासता येतं, मग एआय का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलं होतं. एआयवर सगळ्या देशांनी मिळून नियम करायचे की नाही हा अमेरिका, चीन आणि युरोपवाल्यांचा प्रश्न, आपण गोंयकारांनी म्हादई, खाणी आणि रस्ते बघावे, असा त्यांचा सूर होता. त्यांची तळमळ खरी आहे, म्हादईबद्दल माझं मत काही वेगळं नाही. पण एआयबद्दल ते जे म्हणाले ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते जरा सविस्तर लिहितोय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त बंदराचा भाग ठेवा कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

माझी सगळी नोकरी मुरगाव बंदरात एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात गेली. जहाज आलं की त्याची कागदपत्रं, कस्टम, इमिग्रेशन, पोर्ट हेल्थ, पिण्याचं पाणी, आजारी खलाशाला डॉक्टर, हे सगळं आमच्याकडे. आता खनिज भरायला आलेलं एखादं जहाज घ्या. झेंडा पनामाचा म्हणजे नोंदणी तिथली, मालक ग्रीसचा, इन्शुरन्स लंडनचा, कॅप्टन युक्रेनचा, खलाशी फिलिपिनो आणि दोन-तीन आपले सासष्टीचे तारवटी, माल गोव्याचा आणि जाणार चीनला. ह्या जहाजाच्या लाईफबोटीचा दोर कुजलेला असला तर विचारायचं कोणी? पनामाचा माणूस काही मुरगावला येऊन बसलेला नसतो, आणि मालक म्हणणार आमची सर्टिफिकेटं सगळी ओके आहेत. बाहेरच्या माणसाला वाटेल की एवढ्या देशांच्या गुंत्यात कोणाचाच कायदा चालत नसेल, पण चालतो, रोज चालतो, आणि तो कसा चालतो ते मी जवळून बघितलंय.

त्याला म्हणतात पोर्ट स्टेट कंट्रोल. जहाज कुठल्याही देशाचं असो, आमच्या बंदरात आलं की आमचा सर्व्हेयर वर चढून तपासू शकतो, आणि तपासायचं ते मनाला येईल तसं नाही, सगळ्या देशांनी मिळून लंडनच्या आयएमओ ह्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत जे नियम ठरवलेत त्यांच्या मापाने. आधी कागद बघतात. कागद ठीक असले आणि जहाजावर संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही तर तिथेच संपतं. दिसलं तर मग खोलात जातात. एक तपासणी मला चांगली आठवते. कॅप्टनने सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून टेबलावर ठेवलेली, कॉफी मागवलेली. एमएमडीचे, म्हणजे सरकारच्या सागरी खात्याचे, सर्व्हेयर डेकवरून एक चक्कर मारून आले, कुठेतरी गंजलेला पाईप दिसला असणार, आल्या आल्या म्हणाले इमर्जन्सी फायर पंप चालू करून दाखवा, दोन होझ लावा, एक पुढे एक मागे. चीफ इंजिनियर स्वतः खाली उतरला. पंप सुरू झाला, आवाज आला, मागच्या होझला पाणी आलं, पण पुढच्या होझमधून जे आलं ते खलाशाच्या बुटापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं. कॅप्टन सर्टिफिकेट पुढे करून सांगत होता की अजून मुदत आहे, सर्व्हेयर म्हणाले कागद बघितला, आता पाणी बघायचंय. जहाज डिटेन, म्हणजे दुरुस्तीपर्यंत बंदर सोडायचं नाही. आमची धावपळ झाली, वास्कोच्या वर्कशॉपमधून फिटर आणला, रात्रभर काम चाललं, दुसऱ्या दिवशी परत टेस्ट, दोन्ही होझना धार आली तेव्हा जहाज सुटलं. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं रिपोर्टात गेलं, तो रिपोर्ट पुढच्या बंदरातल्या सर्व्हेयरला दिसतो, त्यामुळे तिथे ते जहाज पोचायच्या आधीच तिथल्या लोकांना माहीत असतं की ह्याचा पंप बघायचा.

ही व्यवस्था काही आकाशातून पडली नाही. मार्च १९७८ मध्ये अमोको कादिझ नावाचं टँकर फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर आपटून फुटलं, दोन लाख टनांहून जास्त क्रूड समुद्रात गेलं. जहाज स्पेनमध्ये बांधलेलं, झेंडा लायबेरियाचा, कंपनी अमेरिकेची, कॅप्टन इटालियन, आणि किनारा मात्र फ्रान्सच्या मच्छीमारांचा. तिथल्या लोकांना भरपाईसाठी अमेरिकेत शिकागोच्या कोर्टात वर्षानुवर्षं लढावं लागलं. त्यानंतर युरोपातल्या चौदा देशांना कळून चुकलं की झेंड्याच्या देशावर सगळं सोडून चालत नाही, आणि १९८२ मध्ये त्यांनी पॅरिस एमओयू म्हणजे सामंजस्य करार केला, की प्रत्येकाने आपापल्या बंदरात तपासायचं, एकाच मापाने, आणि माहिती एकमेकांना द्यायची. मग बाकीच्या समुद्रांनी तेच उचललं. आपला हिंदी महासागराचा एमओयू १९९८ मध्ये ठरला, १९९९ पासून चालू झाला, आणि त्याचं सेक्रेटरिएट आमच्या ह्या गोव्यात थाटलं गेलं हे किती जणांना माहीत आहे? ह्या एकाच यंत्रणेत ऑस्ट्रेलिया आहे, इराण आहे, मालदीव, मॉरिशस, केनिया, श्रीलंका आहेत. ह्यातल्या किती देशांचं एकमेकांशी पटतं ते सोडा, पंपाला पाणी यायला पाहिजे ह्यावर त्यांचं एकमत आहे.

आता एआयकडे येतो. चॅटजीपीटी घ्या, जेमिनाय घ्या, चीनचं डीपसीक घ्या. बनलं एका देशात, त्याचे सर्व्हर दुसऱ्या देशात, ट्रेनिंगचा डेटा अख्ख्या जगाचा, आणि वापरतोय कोण तर वास्कोत माझा नातू अभ्यासाला, बँक कर्जाच्या अर्जाला, दवाखाना रिपोर्टाला. हा तोच गुंता आहे जो मी बंदरात बघितला. फरक एवढाच की इथे तपासणारा सर्व्हेयर नाही. जी कंपनी मॉडेल बनवते तीच त्याची टेस्ट करते, तीच रिपोर्ट लिहिते आणि तीच तो जाहीर करते, पाहिजे तेवढाच. मे २०२४ मध्ये दक्षिण कोरियात सोलला सोळा मोठ्या कंपन्यांनी लेखी दिलं की आम्ही धोका मोजू, मर्यादा ठरवू, हाताबाहेर जाईल असं दिसलं तर मॉडेल काढणारच नाही. चांगलं केलं, मी नावं ठेवत नाही. पण ते सगळं स्वखुशीने आहे. नाही पाळलं तर कोणी डिटेन करत नाही.

आणि जगाने काहीच केलं नाही असंही नाही, उलट बैठकांवर बैठका झाल्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडात ब्लेचली पार्कला २८ देश आणि युरोपियन युनियन एका जाहीरनाम्यावर आले, त्यात अमेरिका, चीन आणि भारत तिन्ही होते, हे सोपं नव्हतं. मग सोल, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिस, तिथे मोदी आणि मॅक्रॉन दोघे मिळून अध्यक्ष होते, पण शेवटच्या निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटनने सही केली नाही. २०२६ च्या फेब्रुवारीत तीच परिषद दिल्लीत. मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२४ मध्ये ठराव केला, सप्टेंबर २०२४ मध्ये ग्लोबल डिजिटल कॉम्पॅक्ट केला, ऑगस्ट २०२५ मध्ये चाळीस तज्ज्ञांचं स्वतंत्र वैज्ञानिक पॅनेल आणि सगळ्या देशांचा जागतिक संवाद अशा दोन गोष्टी ठरवल्या, तो संवाद जुलै २०२६ ला जिनिव्हात आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला ठेवलेला. कौन्सिल ऑफ युरोपने (ही युरोपियन युनियनपेक्षा वेगळी संघटना) सप्टेंबर २०२४ मध्ये एक बंधनकारक करारसुद्धा सहीला खुला केला, असा तो पहिलाच. चीनने जुलै २०२५ मध्ये शांघायला वेगळीच जागतिक एआय संघटना काढायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे टेबलं भरपूर झाली. पण ह्या सगळ्यात पंप चालू करून दाखवा असं हक्काने म्हणणारा माणूस मला कुठे दिसत नाही, आणि माझी सगळी तक्रार हीच आहे.

त्यातल्या त्यात जवळ आलंय ते युरोप. त्यांचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, टप्प्याटप्प्याने. कंपनी कुठलीही असो, माल युरोपच्या बाजारात आणायचा तर नियम पाळायचे, सगळ्यात गंभीर उल्लंघनाला जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत दंड. ही विचारसरणी बंदराचीच आहे. आमच्याकडे जहाजांच्या करारात एक कलम असतं, ज्या देशाने करारावर सहीच केलेली नाही त्याच्या जहाजालासुद्धा जास्त सवलत द्यायची नाही, आमच्या बंदरात आलात ना, मग बाकीच्यांना लावतो तीच फूटपट्टी तुम्हाला. हे कलम फार मोठं काम करतं, कारण मग सही न करण्यात काही फायदाच उरत नाही. म्हणून पॅरिसला अमेरिकेने सही केली नाही तेव्हा टीव्हीवर जो तो म्हणत होता संपलं आता, ते मला पटलं नव्हतं. अमेरिकेने सही करो न करो, अमेरिकन कंपनीला भारताचा बाजार पाहिजे आहे. आपल्यासारखे दहा-वीस देश एकत्र येऊन म्हणाले की आमच्याकडे यायचं तर ही ही तपासणी, आणि एका देशाने केलेली तपासणी बाकीच्यांनी मानायची, तर कुठली कंपनी नाही म्हणेल? एकट्याने म्हटलं तर म्हणेल कदाचित. एकत्र म्हटलं तर नाही म्हणणार.

एकटा देश काय करू शकतो त्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. फेब्रुवारी २०२६ पासून आपल्या सरकारने एआयने बनवलेल्या फोटो-व्हिडिओ-आवाजावर लेबल लावणं सक्तीचं केलंय. नियम चांगला आहे, मला हवाच आहे. पण लेबल लावणार प्रामाणिक माणूस आणि मोठं ॲप. परदेशात बसून, तिसऱ्याच देशाच्या सर्व्हरवर, फुकट उतरवलेल्या सॉफ्टवेअरने जो आवाज बनवतो तो कशाला लावतोय लेबल?

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या वाड्यावर एक काकी आहेत, मुलगा क्रूझ लायनरवर असतो, गोव्यात अशी घरं किती आहेत ते मी सांगायला नको. त्यांना दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला, पलीकडे मुलगा रडतोय, एअरपोर्टवर इमिग्रेशनवाल्यांनी पकडलंय, लगेच पैसे भरले नाहीत तर जेल, आणि मग कोणी ऑफिसर म्हणून फोनवर आला. काकी सांगतात आवाज त्याचाच होता, अगदी नाकातून बोलतो तसा. पण तो हिंदीत बोलत होता, आणि त्यांचा मुलगा आईशी जन्मात कधी हिंदी बोललेला नाही. काकींनी कोंकणीत विचारलं, तूं खंय आसा? उत्तर हिंदीत आलं. परत विचारलं, परत हिंदीत. त्यांनी फोन ठेवला आणि सुनेला हाक मारली, सुनेने व्हॉट्सॲप केला तर मुलगा आपल्या केबिनमध्ये झोपलेला. त्याच्या जहाजावरच्या रीलमधून आवाज उचलला असावा असं सगळे म्हणतात.

काकी वाचल्या कारण त्या आवाजाला कोंकणी येत नव्हती. अजून वर्ष-दोन वर्षांनी येईल. मराठी तर आताच बऱ्यापैकी यायला लागलीय. म्हणजे यंत्राला आपली भाषा यायला लागली की फसवणारा आपल्या भाषेत फसवणार, आणि त्याच वेळी कंपन्यांनी आणि सरकारांनी सुरक्षेच्या ज्या टेस्ट केल्यात त्या बहुतेक इंग्रजीत. मला ह्याची जास्त धास्ती वाटते. सिंगापूर, जपान वगैरे देशांच्या सरकारी एआय सेफ्टी संस्थांचं एक जाळं आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची पहिली बैठक झाली, त्यांनी एकत्र येऊन वेगवेगळ्या भाषांत मॉडेल तपासायचं काम हातात घेतलं, मला ह्या सगळ्या जागतिक खटाटोपातलं हे सगळ्यात खरं काम वाटतं. एका फेरीत दहा भाषा घेतल्या, इंग्रजी, फ्रेंच, जपानी, स्वाहिली, फारसी अशा, भारतातली एक, तेलुगू. मराठी नव्हती, आणि कोंकणीचा तर प्रश्नच नाही. आणि ते जाळं सुरू झालं तेव्हाच्या सदस्यांत केनिया होता पण भारत नव्हता. आपली स्वतःची एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली, एकाच इमारतीत न ठेवता देशभरच्या संस्थांना जोडून करायची अशी तिची रचना ठरवलीय. मग त्यातली एक संस्था गोव्यात का नको? इथे आयआयटी आहे, एनआयटी आहे, विद्यापीठ आहे, आणि कोंकणी-मराठी-पोर्तुगीज-इंग्रजी-हिंदी एका बाजारात एका वेळी बोलणारी माणसं आहेत. ह्या भाषांत मॉडेल काय काय बोलून जातं, काय नाही बोलायला पाहिजे ते बोलतं का, हे तपासायला ह्याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. हे काम दिल्लीत बसून होणार नाही.

तुमच्या त्या वाचकांना मी आणखी एक गोष्ट विचारेन. पावसाळा तोंडावर आला की आपल्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, कोलवा, बाणावली, कांदोळी, कुठेही जा, पायाला चिकटतात, घासलेटने पुसावे लागतात. कुठल्या जहाजाने टाकी धुतली, कधी धुतली, कोणाला सांगता येत नाही, वाऱ्याबरोबर घाण आमच्या वाळूत येऊन पडते. व्हॉट्सॲपवर येणारा खोटा व्हिडिओ तसाच येतो, नाव नाही, गाव नाही. मग डांबराचे गोळे हा पनामाचा प्रश्न आहे का गोव्याचा? किनारा ज्याचा त्याचा प्रश्न. आणि उपाय मात्र एकट्या किनाऱ्याच्या हातात नसतो, त्याला जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोलसारखा सगळ्यांचा करार लागतो, आणि करार करून भागत नाही, बंदरात जहाजाचं ऑइल रेकॉर्ड बुक उघडून बघणारा माणूस लागतो.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो कारण तो खरंच जड आहे. लोक म्हणतात करार व्हायला दहा वर्षं लागतात आणि एआय दर सहा महिन्यांनी बदलतं, नियम छापून येईपर्यंत यंत्र पुढे गेलेलं असणार. बरोबर आहे. जहाजांच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. टायटॅनिक १९१२ ला बुडालं, १९१४ ला समुद्रातल्या माणसांच्या सुरक्षेसाठी सोलस म्हणून करार झाला, महायुद्ध आलं आणि तो करार लागूच झाला नाही. पुढे १९२९, १९४८, १९६० असे नवे नवे करार करत बसले, आणि दर वेळी सुधारणा केली की ठराविक संख्येने देश मान्यता देईपर्यंत ती कपाटात. मग १९७४ च्या सोलसमध्ये डोकं लावून उलटं केलं, सुधारणा ठरली की ठरलेल्या तारखेला ती आपोआप लागू, ज्याचा विरोध असेल त्याने तेवढ्या मुदतीत तसं कळवायचं, पुरेशा देशांनी विरोध केला नाही तर झाली लागू. म्हणून आजही आम्ही १९७४ चाच सोलस म्हणतो, नवा करार करावा लागला नाही, आत मात्र कितीतरी बदललंय. एआयच्या करारात हे कलम पहिल्या दिवसापासून पाहिजे. मूळ करारात मोठी तत्त्वं, आणि तांत्रिक भाग जोडपत्रात, तो दरवर्षी बदलता येईल असा. हे जिनिव्हात कोणी बोलतंय का ते मला बघायचंय.

दुसरा आक्षेप असा की अमेरिका आणि चीन एकमेकांचे गळे धरायला निघालेत, ते कसले एकत्र येतात. ह्यावर मी फक्त सड्यावर बोट दाखवतो. तिथे आमच्या मुरगावच्या टेकडीवर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, भारताच्या अंटार्क्टिकाच्या सगळ्या मोहिमा तिथून ठरतात. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली, आमच्या पिढीतल्या वास्कोकरांना तो अभिमान अजून आहे. ज्या अंटार्क्टिक करारामुळे तिथे सगळे देश शांतपणे काम करतात तो १९५९ चा आहे, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघांनी केलेला, शीतयुद्ध ऐन भरात असताना. आणि त्या करारात हे लिहिलेलं आहे की एका देशाचे निरीक्षक दुसऱ्या देशाच्या स्टेशनवर जाऊन कधीही बघू शकतात. मूळ बारा देशांत आपण नव्हतो, १९८३ मध्ये आपण आत गेलो आणि त्याच वर्षी निर्णय घेणाऱ्यांत बसलो, कारण तोपर्यंत आपल्या मोहिमा तिथे जाऊन काम करायला लागल्या होत्या. आणि आजचंच बघायचं तर नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमात बायडेन आणि शी जिनपिंग भेटले तेव्हा एक गोष्ट दोघांनी मान्य केली, अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील, एआयच्या नाही. एवढं तरी झालं. म्हणजे दोघांनाही ज्याची भीती वाटते तिथे ते बोलतात.

संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळाने सप्टेंबर २०२४ च्या अहवालात एक मोजदाद दिली होती, ती वाचून मला वाईट वाटलं. एआयच्या कारभाराचे सात मोठे आंतरराष्ट्रीय उपक्रम त्यांनी घेतले, तर सातही ठिकाणी असलेले देश फक्त सात, आणि ११८ देश एकाही ठिकाणी नाहीत. बहुतेक आफ्रिका, आशिया, पॅसिफिकमधले. म्हणजे किनारा ज्यांचा आहे त्यांना विचारलेलंच नाही. बंदराच्या व्यवस्थेचं मला म्हणूनच कौतुक वाटतं, मालदीवच्या सर्व्हेयरला तोच अधिकार आहे जो ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हेयरला, आणि मोठ्या जहाजाचा कॅप्टन दोघांनाही सारखाच घाबरतो.

अजून एक राहिलं, नुकसान झाल्यावरचं. कांदोळीला रिव्हर प्रिन्सेस जून २००० मध्ये वाळूत रुतलं ते २०१२ उजाडलं तरी निघायला. जवळजवळ बारा वर्षं ते तिथे गंजत होतं, बाजूची वाळू खचत होती, शॅकवाले ओरडत होते, आणि हलवायचं कोणी, खर्च कोणी द्यायचा, टेंडर कोणाला, ह्यात सरकारं बदलली. आणि ह्या प्रकरणात परका देश नव्हताच, सगळं आपलंच होतं, तरी ही गत. बुडालेलं जहाज काढायची जबाबदारी मालकावर टाकणारा आणि त्यासाठी आधीच इन्शुरन्स सक्तीचा करणारा नैरोबी करार २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये लागू झाला. एआयच्या बाबतीत हा प्रश्न आत्ताच सोडवून ठेवायला पाहिजे, उद्या एखाद्या मॉडेलने दवाखान्यांची, वीज खात्याची नाहीतर बँकांची मोठी गडबड केली तर भरपाई मॉडेल बनवणाऱ्याने द्यायची, ॲपवाल्याने द्यायची का ज्याने वापरलं त्याने, आणि पैसा आधीपासून कुठे बाजूला ठेवलेला आहे का. माझं मत स्पष्ट आहे, सगळ्यात मोठी मॉडेलं बाजारात आणणाऱ्या कंपनीकडे इन्शुरन्स सक्तीचा पाहिजे, आणि इन्शुरन्सवाला स्वतःच्या पैशासाठी जी तपासणी करतो ती सरकारी तपासणीपेक्षा कडक असते, हे शिपिंगमधला कोणीही सांगेल.

गोव्याचा आणि ह्या विषयाचा संबंध नाही म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. जी-२० चं वर्ष होतं, जून २०२३, तेव्हा जी-२० देशांच्या ऑडिट संस्थांची एसएआय-२० परिषद गोव्यातच झाली होती, आपल्या कॅगच्या अध्यक्षतेखाली, आणि त्यांनी घेतलेले विषय दोनच होते, एक ब्लू इकॉनॉमी आणि दुसरा जबाबदार एआय. समुद्र आणि एआय, दोन्ही एका टेबलावर, गोव्यात. सरकारी कामात एआय वापरलं तर त्याचं ऑडिट कसं करायचं ह्याची चर्चा इथे होऊन गेली, आणि आपल्या पेपरांत त्या आठवड्यात रस्ते चकाचक झाल्याच्याच बातम्या जास्त होत्या. संपादकसाहेब, ह्यात तुमचा एकट्याचा दोष नाही, पण जिनिव्हाच्या बैठकीत भारताने काय मांडलं ह्याची एक सविस्तर बातमी तरी मराठीत यावी, एजन्सीची चार ओळींची नको.

गोव्याच्या तिन्ही खासदारांना, लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचे एक, मी ह्याच आशयाचं पत्र वेगळं पाठवतोय. संसदेत त्यांनी सरकारला एवढं विचारावं: परदेशातून येणारं मोठं एआय मॉडेल भारतात वापरात यायच्या आधी किंवा आल्यावर ते स्वतः उघडून तपासायचा अधिकार आपल्या सेफ्टी इन्स्टिट्यूटला आहे का, नसेल तर कधी देणार, दुसऱ्या देशांच्या अशाच संस्थांबरोबर तपासणीचे रिपोर्ट वाटून घ्यायचा करार करणार का, आणि त्या तपासणीच्या भाषांत मराठी आणि कोंकणी कधी येणार.

आपला,
एक निवृत्त शिपिंग कर्मचारी
वास्को, गोवा